घरातील रेडिओ केंद्र आणि भूसंपर्कन

१७५३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे गेऑर्ग रिखमन हा शास्त्रज्ञ मेघांतील विजेचे मापन करीत होता. छपरावरील लोखंडी दांड्यापासून त्याने खोलीत तार आणली होती. परंतु ती जमिनीस जोडलेली नव्हती. वादळात त्या तारेवाटे आलेल्या विजेने त्याचा प्राण घेतला. हौशी रेडिओ केंद्रातही छपरावरील आकाशकापासून खोलीत तार येते. म्हणून भूसंपर्कन, म्हणजे उपकरणे जमिनीशी विजेच्या वाटेने जोडणे, ही तेथील पहिली आवश्यकता होय.

लखनौतील एखाद्या घराच्या वरच्या मजल्यावर असे केंद्र आहे असे समजू. तेथे भूसंपर्कनाची कामे तीन. २३० व्होल्टची तार सुटून यंत्राच्या धातूच्या पेटीस लागली, तर पुरवठा तत्काळ तुटावा, हे पहिले. आकाशकावरील वीज घराबाहेरच जमिनीत जावी, हे दुसरे. प्रेषकाच्या उच्च कंप्रतेच्या प्रवाहास वाट मिळावी, हे तिसरे. हे शेवटचे काम वरच्या मजल्यावरून नीट साधत नाही. १४ मेगॅहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे २१ मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे पाच मीटर लांबीची तार त्या प्रवाहास जवळजवळ अडवूनच धरते. यास्तव तार शक्य तितकी आखूड व जाड असावी.

लखनौ गोमतीकाठच्या गाळाच्या मैदानावर वसले आहे. ओलसर गाळातून वीज सहज वाहते. दख्खनच्या कातळात तसे होत नाही. तथापि मे-जूनमध्ये ‘लू’ नावाच्या उष्ण वाऱ्यांनी मातीचा वरचा थर सुकतो, आणि पावसापूर्वीची वादळे याच सुमारास येतात. म्हणून सुमारे अडीच मीटर लांबीची जस्तलेपित लोखंडी नळी उभी पुरून तिच्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात आणि वरून वेळोवेळी पाणी घालतात.

पुष्कळदा या कामांसाठी निरनिराळ्या नळ्या पुरून त्या अलग ठेवल्या जातात. ही चूक घातक होय. एका नळीचा जमिनीशी रोध ५ ओहम असून तिच्यातून विजेचा २०,००० अँपिअर प्रवाह गेला, तर तिचा दाब १,००,००० व्होल्टपर्यंत चढेल. दुसरी नळी मात्र शून्याच्या आसपासच राहील. हा सारा फरक मग दोहोंना जोडणाऱ्या यंत्रावर आणि त्याला हात लावणाऱ्या माणसावर पडेल. सर्व नळ्या जाड तांब्याच्या तारेने एकमेकींस जोडल्यास सर्वांचा दाब जवळजवळ बरोबरच चढतो व धोका पुष्कळ कमी होतो. घरातील वीजपुरवठ्याच्या भूसंपर्काशी ही जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

एवढे करूनही वादळाची चिन्हे दिसण्यापूर्वीच आकाशकाची तार घराबाहेर सोडवून ठेवावी. रिखमनच्या खोलीतील तारेने शिकविलेला धडा आजही तोच आहे.