मुमेन रायडर : एका गौण पात्राचें चित्रण

जपानी चित्रकथा ‘वन-पंच मॅन’ हल्लीं पुष्कळ विद्यार्थ्यांच्या हातीं दिसते. ‘वन’ ह्या टोपणनांवाच्या लेखकानें ती २००९ सालीं आरंभिली; २०१२ पासून युसुके मुराता ह्यांनीं ती नव्यानें चितारली, व २०१५ सालीं तिजवरून चलच्चित्र-मालिका निघाली.

नायक सैतामा एका ठोशांत शत्रूस लोळवितो. त्यामुळें त्याच्या लढाईंत भय असें नाहींच. तें मुमेन रायडरच्या वांट्यास आलें आहे. हा ‘सी’ ह्या सर्वांत खालच्या वर्गांतील पहिला वीर. वाहन काय, तर सायकल! समुद्रराजापुढें जेनोससारखा वरच्या वर्गांतील वीरहि पडल्यावर हा भर पावसांत येतो. आपण जिंकणार नाहीं हें तो स्वतःच बोलून दाखवितो, आणि तरीहि उभा राहतो.

राक्षसाशेजारीं ह्याची काया केवढीशी, हें चित्रकथेंत पान न उलटतां न्याहाळतां येतें. चलच्चित्रांत ती सवड नाहीं. पण तेथें युइची नाकामुरा ह्यांचा स्वर आहे, भ्यालेल्या लोकांचा त्यास मिळणारा धीर कानीं पडतो. संगीत मात्र आम्हांस अधिक वाटलें. डोळे कोठें पुसावे, हें तें आधींच सांगून टाकतें.

शेवटीं कोसळतांना सैतामा त्यास सांवरतो व चांगला लढलास, एवढेंच म्हणतो. ती शाबासकी दोन्हीकडे सारखीच उतरली आहे.