ऋतूंची खूण आणि आपण
(शब्बाथ शाळेसाठी पाठ)

शास्त्रभाग : लूक १२:५४-५६, १३:१-५, उत्पत्ति ८:२०-२२

पाठाचा उद्देश : अवेळी आलेल्या उष्म्याकडे भीतीने नव्हे, बेफिकिरीनेही नव्हे, तर विश्वासाने व समंजसपणे पाहावयास शिकणे.

माघ महिन्यात पांढुर्णा-सौंसरकडील संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराचा सुवास दरवळतो. थंडी आणि पाण्याचा ताण सोसलेले झाड या दिवसांत फुलते. पण अलीकडे काही वर्षी फेब्रुवारीतच दुपारचे ऊन चटके देऊ लागते. असा उष्मा आला की फुले व कोवळी फळे गळतात, गव्हाचा दाणा बारीक राहतो. बागाईतदाराचे नुकसान होते, आणि तोडणीला जाणाऱ्या मजुराची तर चूलच थंडावते. मग मंडळीत कोणी म्हणतो, “शेवटचा काळ आला.” दुसरा म्हणतो, “उन्हाळा काय, नेहमीचाच.” आपण काय म्हणावे?

१. खूण पाहा. पश्चिमेस ढग दिसला की पाऊस येणार आणि दक्षिणेचा वारा सुटला की उष्मा होणार, हे लोकांना बरोबर कळते, असे प्रभू येशूने म्हटले. पश्चिमेस समुद्र व दक्षिणेस वाळवंट असलेल्या त्या देशात हे अनुभवाचे ज्ञान होते. प्रभूने त्या ज्ञानाला नावे ठेवली नाहीत. समोरचा काळ न ओळखण्याबद्दल दोष दिला. आज हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदी आपल्यापुढे आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत देशातील दिवसाच्या कमाल तापमानाची सरासरी तोवरच्या सर्व फेब्रुवारींहून अधिक होती. २०२५ च्या फेब्रुवारीत दिवसरात्र मिळून सरासरी २२.०४ अंश भरली, तोही उच्चांकच. एका वर्षाच्या उन्हावरून निष्कर्ष काढू नये. पण उच्चांक वरचेवर मोडू लागले, तर ती खूण आहे.

२. कारण शोधा. कोळसा व तेल जाळल्याने निघणारा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. आपल्या भागात ज्या स्वीडन देशातून मिशनरी आले, त्याच देशातील आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये याचे गणित मांडले होते. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील पेंच-कन्हान भागात पिढ्यान्पिढ्या कोळसा निघत आला. त्यावर आपलेही दिवे लागले. म्हणून बोट केवळ दुसऱ्याकडे दाखवू नये.

३. भलता अर्थ लावू नका. तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणास ठाऊक नाही (मार्क १३:३२). तेव्हा तापमापकावरून तारीख सांगणाऱ्याच्या मागे जाऊ नये. तसेच ज्याचा बहार गळाला त्याच्या घरी पाप शोधू नये. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापास बोलाविले.

४. वचन धरा, हात चालवा. पेरणी व कापणी, थंडी व ऊन थांबणार नाहीत, असे देवाने नोहाच्या काळी वचन दिले. “मग चिंता कशाची?” असे कोणी विचारील. पण त्या वचनानंतरच मिसर देशात सात वर्षे दुष्काळ पडला! ऋतूंचा क्रम राहील हे वचन आहे. प्रत्येक हंगाम भरघोस येईल असे नाही. योसेफाने देवावर विश्वास ठेवला आणि कोठारेही भरली. आपणही आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, पाणी जपावे, काडीकचरा जाळू नये, आणि काम बुडालेल्या कुटुंबाची मंडळीने आठवण ठेवावी.

शिक्षकांसाठी : मुलांकडून एक वही करून घ्या. जवळच्या झाडाला पहिले फूल कधी आले, फळे कधी गळाली, हे दर रविवारी लिहवून घ्या.

प्रश्न : (१) लोकांना आकाशाच्या कोणत्या दोन खुणा कळत होत्या? (२) योसेफाचा विश्वास त्याच्या कामात कसा दिसला? (३) बहार गळालेल्या शेजाऱ्याला आपण काय म्हणू, आणि त्याच्यासाठी काय करू?

प्रार्थना : हे प्रभो, खुणा पाहण्यास डोळे, चूक कबूल करण्यास नम्रता व शेजाऱ्यास हात देण्याची बुद्धी आम्हांस दे. आमेन.