कार्डावर चालणारा संगणक : स्वस्त घ्या, पण पारखून घ्या

व्यापारी व कारागीर बंधूंनो, दुकानाचा हिशेब ठेवायला महागडा संगणकच हवा असे नाही. इंग्लंडमधील केंब्रिजचा ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक २०१२ साली बाजारात आला. तो मुळात विद्यार्थी व हौशी मंडळींसाठी. घरचा टीव्ही व कीबोर्ड जोडला की काम भागते. त्यात हार्ड डिस्क नसते. नखाएवढ्या मायक्रोएसडी कार्डावरून तो सुरू होतो. म्हणजे कार्ड बिघडले की संगणक बंद, आणि उधारीची नोंद त्यावरच असेल तर तीही गेली. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, माल पारखणे. वर ६४ जीबी छापलेले आणि आत ८ जीबीच, अशी बनावट कार्डे सर्रास विकली जातात. एकदा आम्हीही असेच फसलो. संगणक मोठा आकडा दाखवतो, पण जागा संपल्यावर लिहिलेले परत मिळत नाही. विंडोजवर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ किंवा लिनक्सवर ‘एफ-थ्री’ हे मोफत प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतात. खोटेपणा लगेच उघड होतो.

दुसरी, खूण पाहणे. ‘क्लास १०’ म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी. पण संगणक चालताना तुकड्यातुकड्याने वाचतो-लिहितो. त्यासाठी ‘ए-वन’ खूण पाहावी : सेकंदाला किमान १,५०० वेळा वाचणे व ५०० वेळा लिहिणे.

तिसरी, वीज. लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्डावरील मजकूर बिघडू शकतो. आधी ‘शटडाउन’ करावे, मगच प्लग काढावा. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीची सोय करावी.

चौथी, झीज. कार्डातील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. रोज लिहिले जाणारे कार्ड कधी ना कधी थकणारच. म्हणून संगणक कार्डावरून चालवावा, पण हिशेबाची नक्कल रोज रात्री दुकान बंद करताना पेन ड्राइव्हवर घ्यावी. चालू कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर करून गल्ल्यात ठेवावी. एक बिघडले तर दुसरे घालून पाच मिनिटांत काम सुरू होते.

कार्ड पुन्हा विकत मिळते. गिऱ्हाइकाच्या उधारीचा आकडा मिळत नाही. तेव्हा बचत कार्डात करावी, नकलेत करू नये.