पडद्यावरची मॅमी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केला, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. ती गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. मात्र तिच्या आठवणी पुढे कोणी सांगितल्या आणि कशा सांगितल्या, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्यासाठी येथे आपण एका चित्रपटातील एका पात्राकडे पाहू.

‘गॉन विथ द विंड’ हा चित्रपट १९३९ साली निघाला. त्यातील मॅमी ही जॉर्जियातील एका मळेवाल्याच्या घरची गुलाम दाई. अंगाने स्थूल, डोक्याला फडके बांधलेली, तोंडाने फटकळ, मनाने मायाळू. प्रेक्षकाला ती आवडते, आणि अडचण नेमकी येथेच आहे. ‘मॅमी’ हे मुळी नाव नव्हे; गोऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या काळ्या दाईला हाक मारण्याचा तो शब्द. दुसरे नाव तिला नाही. आईबाप, नवरा, पोटची मुले यांचा मागमूस नाही. तिचे हसणे-रडणे सारे मालकाच्या कुटुंबासाठी. युद्धानंतर ती मुक्त होते, तरी त्याच घरात राबत राहते. जणू मुक्तीने तिच्या आयुष्यात काहीच घडले नाही. पाहणाऱ्याला वाटते, एवढी माया होती, तर ती गुलामगिरी कसली?

हा साचा चित्रपटाच्याही आधीचा आहे आणि तो निरुपद्रवी नव्हता. झुंडीने माणसे ठार मारण्याविरुद्धचे डायर विधेयक डिसेंबर १९२२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये दक्षिणेकडील सदस्यांनी कामकाज रोखून धरून बुडवले. पुढे तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच सिनेटने राजधानीत मॅमीचे स्मारक उभारण्यास मंजुरी दिली! मागणी होती दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सैनिकांच्या वारस स्त्रियांच्या संघटनेची. कृष्णवर्णीय स्त्रियांनी व वृत्तपत्रांनी कडाडून विरोध केला, आणि प्रतिनिधिगृहात तो प्रस्ताव पुढे सरकला नाही.

मॅमीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल यांचे आईवडील स्वतः गुलाम होते. वडील उत्तरेच्या सैन्यात लढले होते. चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटात झाला, तेव्हा तेथील वर्णभेदामुळे हॅटी यांना जाता आले नाही. २९ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांना ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात समारंभ होता, तेथे कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. खास परवानगी काढून त्यांना आत घेतले, आणि सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडच्या लहानशा टेबलाशी बसवले. अशा भूमिका स्वीकारल्याबद्दल त्यांच्यावर स्वकीयांनीही टीका केली. आम्हांला ती टीका अर्धीच पटते. हॅटी यांनी पूर्वी खरोखरच मोलकरणीचे काम केले होते. पटकथा लिहिणारे, पैसा घालणारे आणि दुसरी भूमिका न देणारे हात वेगळे होते.

तरीही त्या टीकेमागची वेदना खोटी नव्हती. याच चित्रपटात बटरफ्लाय मॅक्वीन यांनी प्रिसी नावाची भित्री, खोटारडी, चिरक्या आवाजाची गुलाम मुलगी साकारली आहे. माल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे, की मिशिगनमधील एका लहान गावातील चित्रपटगृहात ते एकटेच कृष्णवर्णीय होते, आणि प्रिसीला पाहताना त्यांना शरमेने कोठेतरी लपावेसे वाटले. सगळा वर्ग हसत असताना मान खाली घालून बसण्याचा अनुभव आमच्यापैकी कित्येकांना आहे. त्यांना ही शरम वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

साचा लवकर मोडला असेही नाही. २०१२ साली ऑक्टेव्हिया स्पेन्सर यांना सहायक अभिनेत्रीचा तोच पुरस्कार मिळाला, तो पुन्हा मोलकरणीच्याच भूमिकेसाठी.

बटरफ्लाय मॅक्वीन यांनी मात्र काही वर्षांतच अशा भूमिका करायचे नाकारले. मग चित्रपटांतील काम जवळजवळ थांबले. पोटासाठी मिळेल ते काम त्यांनी केले. १९७५ साली, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून राज्यशास्त्राची पदवी घेतली.