नारूचा जन्मक्रम व त्याचा उच्छेद

रोग होतो कसा आणि हटतो कसा, हे दोन प्रश्न निराळे वाटतात. परंतु दुसऱ्याचें उत्तर बहुधा पहिल्यांतच दडलेलें असतें. ह्याचें उदाहरण म्हणून आम्ही नारूचा रोग घेतों. ह्या रोगावर औषध नाहीं व लसही नाहीं. तरी आपल्या देशांतून तो समूळ गेला.

नारू हा एक कृमि होय. त्याची मादी दोऱ्यासारखी बारीक, पण दोन-तीन फूट लांब असते. ती त्वचेखालीं, बहुधा पायांत, पूर्ण वाढली म्हणजे तेथें फोड येऊन भयंकर आग होते. रोगी पाय पाण्यांत बुडवितो; फोड फुटतो व कृमि आपल्या असंख्य अळ्या पाण्यांत सोडतो. ह्या अळ्या सायक्लॉप्स नांवाचा सूक्ष्म जलचर गिळतो. त्याच्या शरीरांत सुमारें दोन आठवडे राहिल्यावर त्या रोग देण्यास समर्थ होतात. तें पाणी न गाळतां कोणी प्यालें, कीं जठरांत सायक्लॉप्स मरतो, परंतु अळ्या जगतात व आंतडें भेदून शरीरांत पसरतात. फोड येतो तो सुमारें एक वर्षानें! गतवर्षीं प्यालेल्या पाण्याचा दोष कोणाच्या ध्यानांत यावा? सायक्लॉप्सचें हें कार्य फेडचेंको ह्या रशियन शास्त्रज्ञानें १८७० च्या सुमारास उघड केलें.

आपल्याकडील पायऱ्यांच्या विहिरी ह्या रोगाचें माहेरघर होत्या. घागर भरावयास लोक पाण्यांत उतरत. जेथें पाय बुडे, तेंच पाणी घरोघर प्यालें जाई. आपण आग शमवीत आहों असें रोग्यास वाटे; वस्तुतः तो पुढील वर्षाच्या रोगाचें बीज पेरीत असे. कृमि काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागे. शेताचीं कामें खोळंबून कित्येक आठवडे माणूस अंथरुणास खिळे.

ह्या साखळीची एक कडी तोडली कीं पुरे, हें ओळखून १९८३-८४ पासून राष्ट्रीय मोहीम चालली. महाराष्ट्रही रोगग्रस्त राज्यांपैकीं एक होता. पायऱ्यांच्या विहिरींस कठडे बांधून पाणी वरून शेंदण्याची सोय झाली, हातपंप बसविले, पाणी दाट कापडानें गाळण्यास शिकविलें, टेमेफॉस घालून सायक्लॉप्स मारले, रोग्यास पाण्यांत उतरूं दिलें नाहीं. शेवटचा रोगी १९९६ सालीं राजस्थानांत आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त ठरविला. आफ्रिकेंतील चाड देशांत मात्र हा कृमि कुत्र्यांतही आढळल्यामुळें तेथील काम अधिक बिकट झालें आहे.

हिंवताप डासावाटे व पटकी दूषित अन्नपाण्यावाटे पसरते. त्यांच्या कड्या निराळ्या, पण शोधण्याची रीत एकच. म्हणून रोगाचें नांव ऐकतांच केवळ भिऊं नये. तो कोठून येतो व कोणत्या वाटेनें जातो, हें प्रथम विचारावें. जो विद्यार्थी घरीं जाऊन पिण्याचें पाणी स्वच्छ कापडानें गाळील, उकळील व झांकून ठेवील, त्यास हा धडा समजला असें आम्ही मानूं.