पिकअपचा ऑइल फिल्टर : निवड आणि बदली

आमच्या वाचकांमध्ये स्वतःची पिकअप स्वतःच चालवून संसार करणारे पुष्कळ आहेत. कोणी मिरकरवाड्याची मासळी आंबा घाट चढून कोल्हापूरला नेतो, कोणी रावेरची केळी भरतो, कोणी मालेगावचे कापड भिवंडीला पोहोचवतो, तर कोणी हंगामात हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात उतरवतो. गाडी बहुतेकांची कर्जाची. ती पंधरा दिवस गॅरेजला उभी राहिली की भाडे बुडते, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला दारात येतो. गाडी अशी बसवणारी जी कारणे आहेत त्यांत एक अगदी किरकोळ दिसणाऱ्या वस्तूचे आहे, ते म्हणजे इंजिनचा ऑइल फिल्टर. तो कसा निवडावा, कसा बदलावा आणि बदलताना मालकाने कोठे नजर ठेवावी, एवढेच आपण या लेखात पाहू. उदाहरणासाठी आम्ही बोलेरो पिकअपसारखी चार सिलिंडरची डिझेल गाडी धरली आहे. छोटा हत्ती व इतर लहान मालगाड्यांनाही मूळ गोष्टी लागू पडतात.

डब्याच्या आत काय असते

इंजिन चालू झाले की पंप चेंबरमधले ऑइल ओढतो, ते फिल्टरमधून जाते आणि मग क्रँकच्या बेअरिंगांना, कॅमला व टर्बोला मिळते. डिझेल इंजिनात काजळी जास्त, शिवाय रस्त्याची धूळ आणि घासलेल्या धातूचा बारीक चुरा. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरतात. चांगला फिल्टर २० ते ३० मायक्रॉनचे बहुतेक कण अडवतो. हे कण अडले नाहीत तर बेअरिंगवर पॉलिश पेपरसारखे काम करतात.

जुन्या विलीज जीपच्या पेट्रोल इंजिनात सगळे ऑइल फिल्टरमधून जात नसे. थोडा भाग गळून परत चेंबरला येई, बाकीचे सरळ बेअरिंगला जाई. त्यामुळे फिल्टर तुंबला तरी इंजिनचा ऑइलपुरवठा चालू राही. आजच्या गाडीत पंपाने उचललेले सगळे ऑइल आधी फिल्टरमध्ये शिरते. "फिल्टरचे काय एवढे, पुढच्या वेळी बदलू" हे बोलणे त्या जुन्या जीपला कदाचित चालून गेले असते. आजच्या टर्बो डिझेलला ते चालत नाही.

बाहेरून डबा दिसतो, पण आत घड्या घातलेला खास कागद, मध्ये छिद्रांची पत्र्याची नळी आणि दोन व्हॉल्व्ह असतात. खरी किंमत या दोन व्हॉल्व्हची आहे, आणि नकली माल करणारा नेमकी त्यांतच काटकसर करतो.

पहिला बायपास व्हॉल्व्ह. कागद तुंबला किंवा थंडीच्या पहाटे ऑइल घट्ट असले तर हा उघडतो आणि न गाळलेले ऑइल पुढे सोडतो, कारण मळके ऑइल मिळणे हे कोरडे राहण्यापेक्षा बरे. त्याची स्प्रिंग ठरावीक दाबाची असते. ती नरम असली तर व्हॉल्व्ह सारखाच उघडा राहतो आणि फिल्टर नुसता शोभेला उरतो. ती नको तेवढी कडक असली तर कागद फाटतो, नाहीतर ऑइल अडते. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरऐवजी इंजिनच्याच बैठकीत बसवलेला असतो. तेव्हा "हापण बसतो, तोपण बसतो" या हिशेबाने फिल्टर निवडणे बरोबर नाही.

दुसरा म्हणजे तोंडाशी असलेला रबराचा पातळ पडदा. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून तो असतो. हे रबर हलके असेल तर उष्णतेने ताठ होते, रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी चावी फिरवली की इंजिन तीन-चार सेकंद खडखडते, लाल दिवा उशिरा विझतो. नवीन फिल्टर टाकल्यापासून असे होऊ लागले तर आधी फिल्टरवर संशय घ्यावा. दिवसाला दहा वेळा चावी मारणाऱ्या गाडीला दहा वेळा कोरडी घासट बसते.

दुकानात फिल्टर घेताना

फिल्टर डब्याच्या रंगावरून किंवा आकारावरून घेऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या यादीत पार्ट नंबर असतो, तोच मागावा. गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिनचा प्रकार सांगावा. एकाच नावाच्या पिकअपमध्ये कंपनी वर्षागणिक इंजिन बदलते. नाव तेच, फिल्टर वेगळा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या गाडीचा फिल्टर एकच असेल असे गृहीत धरू नये. ऑइलचेही तेच. ज्या गाडीच्या धुराड्याला काजळी अडवणारा डीपीएफ आहे तिला कमी राख सोडणारे ऑइल लागते, ते पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच घ्यावे.

आट्यांची गोष्ट फार महत्त्वाची आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. एकसारखे दिसणारे दोन डबे, एकाचे आटे पाऊण इंची, दुसऱ्याचे वीस मिलिमीटरचे. वीसचा डबा पाऊण इंची नळीवर चढतो, काही फेरे फिरतो आणि बसल्यासारखाही वाटतो. पण आट्यांची पकड अर्धवटच असते. इंजिन गरम होऊन दाब वाढला की असा डबा सुटून ऑइल फेकतो. तीन टन वजन घेऊन कुंभार्ली घाटात चढण चालू असताना हे घडले तर चालकाला लाल दिवा दिसून गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंगांचे काम संपलेले असते. म्हणून जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून आटे, रबराच्या वायसरचा घेर आणि उंची ताडून पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे.

गाडीच्या कंपनीचाच फिल्टर घ्यावा काय, असे वाचक विचारतात. आमचे मत असे की, नंबर बरोबर असेल तर बॉश, प्युरोलेटर, पुण्याची फ्लीटगार्ड यांच्यासारख्या फिल्टर बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांचा माल घ्यायला हरकत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र वॉरंटीच्या अटी वाचाव्यात आणि बिल जपून ठेवावे. खरा प्रश्न कंपनी कोणती हा नसून माल अस्सल आहे का हा आहे.

नकली ओळखण्याची एकच एक खूण नाही. २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे बंद खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-साल आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असावी लागते. ते नसेल किंवा वरून चिकटवलेले असेल तर खोके परत करावे. काही कंपन्या पडताळणीचा कोड छापतात, तो मोबाईलवर तपासावा. डब्याच्या तोंडातून बोट लावून रबराचा पडदा मऊ आहे का पाहावे. आट्यांत रंग उतरलेला, कडा खरबरीत, वायसर खाचेत सैल, ही लक्षणे चांगली नव्हेत. आणि नेहमीच्या दरापेक्षा निम्म्याने मिळत असेल तर दुकानदाराला कारण विचारावे. बिल मागितल्यावर ज्याचा चेहरा उतरतो त्याच्याकडून माल न घेतलेला बरा.

हिशेब असा. समजा अस्सल आणि नकली यांत दीडशे रुपयांचा फरक आहे आणि वर्षात चार वेळा फिल्टर बदलला. वाचले सहाशे रुपये. इंजिन बांधायला काढले तर पाच आकडी खर्च ठरलेला, शिवाय गाडी उभी. ज्यांना सहाशे रुपये वाचवायचेच आहेत त्यांनी ते टायरमधली हवा दर आठवड्याला तपासून डिझेलमध्ये वाचवावेत.

कधी बदलावा

पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा चांगल्या रस्त्याला, रास्त वजनाला धरून असतो. वाळू, खडी, उसाच्या फडातली धूळ, जादा भार, बाजारात तासन्‌तास चालू ठेवलेले इंजिन किंवा दोन-तीन किलोमीटरच्या तुटक फेऱ्या, हे जिकडे रोजचे आहे तिकडे मुदत कमी करावी. अनेक पुस्तिकांत कठीण वापरासाठी वेगळी मुदत दिलेलीच असते; लोक ते पान उघडत नाहीत. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा तरी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत.

"एक आड एक वेळेला फिल्टर" ही गॅरेजमधली पद्धत आम्हाला मान्य नाही. जुन्या डब्यात मळके ऑइल भरलेले असते, ते पहिल्याच चावीला नव्या ऑइलमध्ये मिसळते. फिल्टर डिझेलमध्ये धुऊन परत बसवणे तर त्याहून वाईट. कागद फुगतो, घड्या सुटतात, आतली घाण उलट मोकळी होते.

बदलताना

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड किंवा ओंडका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय कोणी शिरू नये, पोऱ्याला तर मुळीच घालू नये. इंजिन थोडे गरम असावे म्हणजे ऑइल पातळ होऊन घाण घेऊन उतरते. लांबून आल्या आल्या मात्र खोलू नये, हात भाजतो. चेंबरचा नट काढून ऑइल पूर्ण ठिबकू द्यावे. घाईचे गॅरेज येथेच पाच मिनिटे वाचवते. नटाला नवीन वायसर टाकावा.

मग जुना फिल्टर पट्टा पान्याने सोडवावा. तो निघाला की पहिली गोष्ट पाहायची ती म्हणजे त्याचा रबरी वायसर त्याच्याबरोबर आला का. पुष्कळदा वायसर इंजिनच्या बैठकीला चिकटून राहतो. त्यावर नवा फिल्टर चढवला की एकावर एक दोन वायसर होतात. इंजिन सावकाश चालू असताना काही गळत नाही, रस्त्याला लागल्यावर दाबाने वरचा वायसर बाहेर सरकतो आणि थोड्याच वेळात चेंबर रिकामा होतो. मालकाने गॅरेजमध्ये उभे राहून एकच गोष्ट पाहायची ठरवली तर ती हीच पाहावी.

बैठक स्वच्छ फडक्याने पुसावी. नव्या फिल्टरच्या वायसरला बोटाने ताजे ऑइल लावावे. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर त्यात थोडे स्वच्छ ऑइल आधीच भरून घ्यावे म्हणजे इंजिन कोरडे फिरत नाही. हाताने फिरवत न्यावा. वायसर बैठकीला टेकला की तेथून साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर जेवढा छापला असेल तेवढा. पान्याने आवळणे ही ताकदीची हौस आहे. त्याने वायसर चेपतो, आणि पुढच्या वेळी डबा निघता निघत नाही. ज्या नव्या इंजिनांत डब्याऐवजी झाकणाच्या आत नुसता कागदी फिल्टर असतो, तेथे झाकणाची ओरिंग दर वेळी नवीन टाकावी आणि झाकण ठरलेल्या ताकदीलाच आवळावे.

ऑइल पुस्तिकेतल्या मापाने ओतावे, पण शेवटचे थोडे हातचे राखून. इंजिन चालू करून रेस न देता सोडावे. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे; न विझल्यास ताबडतोब बंद करावे. खाली वाकून फिल्टर आणि नट दोन्ही पाहावेत. मग बंद करून आठ-दहा मिनिटांनी काडीवर माप घ्यावे, ते दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवे. खुणेच्या वर भरणे हे काही इंजिनचे लाड नव्हेत. क्रँक ते ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेसाने बेअरिंग भिजत नाही.

काढलेला फिल्टर लगेच फेकू नये. पत्रा कापायच्या कात्रीने वरचा भाग उघडून कागद पसरून पाहावा. करवतीने कापल्यास करवतीचाच चुरा आत पडून फसगत होते. नुसती काळी काजळी असेल तर काळजी नाही. चकाकणारे कण असतील तर लोहचुंबक फिरवावा. चिकटले तर लोखंडाची झीज. न चिकटणारे पिवळट वा पांढुरके कण बेअरिंगकडे बोट दाखवतात. ऑइल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे, हेड गॅस्केट तपासावे. एवढे वेळीच कळले तर बेअरिंग बदलून भागते, क्रँक वाचतो.

स्पेअर पार्टचे दुकान चालवणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द. नकली डब्यात नफा जास्त दिसतो, पण १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या १०३ आणि १०४ कलमांप्रमाणे खोटा मार्का लावणारा आणि असा माल विकणारा, दोघांनाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. घाऊक व्यापाऱ्याकडून जीएसटी बिल घेतल्याशिवाय माल उचलू नये. पुढे तपास झाला तर तेच कामी येते. फसलेल्या ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि तेव्हा नाव दुकानदाराचेच पुढे येते. गॅरेजवाल्यांनी रिकामे खोके गिऱ्हाइकासमोर फाडावे आणि जुन्या डब्याला खिळा ठोकून भोक पाडावे, म्हणजे खोके नकली मालाला आणि डबा रंगरंगोटीला मिळणार नाही. भोकातून उरलेले ऑइलही रात्रभरात निथळून निघते.

ते जळके ऑइल गटारात, विहिरीच्या आसपास किंवा धूळ दाबायला रस्त्यावर ओतू नये. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात धरलेले आहे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून परवानाधारक गोळा करणाऱ्यालाच द्यावे. आणि गाडीच्या पेटीत एक वही ठेवून तारीख, किलोमीटर, फिल्टरचा नंबर, ऑइलचा दर्जा आणि दुकानाचे नाव लिहावे. बिल त्याच पानाला टाचावे.