खोडकर की आजारी? एडीएचडीविषयी थोडे

मूल एका जागी बसत नाही, सांगितलेले विसरते, वह्या हरवते. अशा मुलाला आळशी ठरवून छडी उगारणे सोपे असते. पण त्यामागे एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातील अडचण व अतिचंचलता, असू शकते. हा मोबाइलच्या काळातला नवा आजार नव्हे, लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांवर व्याख्याने दिली होती.

रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून हे निदान होत नाही. लक्षणे किमान सहा महिने असावी लागतात, वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी आढळावी लागतात. आश्रमशाळेत ही शेवटची अट फार मोलाची. घरी वारली, पावरी किंवा गोंडी बोलणारे मूल पहिलीत मराठी ऐकत बसते, तेव्हा त्याची नजर खिडकीबाहेर जाणारच! तेच मूल पाड्यावर आईने सांगितलेली तीन कामे न विसरता करत असेल, तर अडचण बहुधा भाषेची आहे. म्हणून आईवडिलांना विचारल्याशिवाय निदान करू नये. कान, डोळे, झोप, रक्ताची कमतरता हेही आधी पाहावे. क्षणभर शून्यात पाहणारे मूल कधी फिटच्या आजाराचे असते.

सहा वर्षांखालील मुलांसाठी औषधाआधी पालकांचे प्रशिक्षण. मोठ्यांना पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना आणि जमले की लगेच शाबासकी. याचा उपयोग होतो. गरज पडल्यास डॉक्टर मेथिलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन देतात. या औषधांनी भूक मंदावते. आधीच अंगाने बारीक असलेल्या आपल्या मुलांचे वजन व उंची म्हणून वेळोवेळी मोजलीच पाहिजे, नाडी व रक्तदाबही.

मोठेपणी धावपळ कमी होते. विसराळूपणा, अर्धवट कामे आणि आतली बेचैनी उरते. विकार पुष्कळदा घराण्यात चालतो, त्यामुळे मुलाच्या निदानानंतर एखाद्या बापाला स्वतःचे बालपण आठवते. प्रौढांनाही औषध आणि समुपदेशनाचा गुण येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व सरकारी, अनुदानित शाळांत तपासणीस येतात. त्यांना अशी मुले आवर्जून दाखवावीत. प्रौढांनी किंवा पालकांनी ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे.